गाडीच्या पोटाखाली

कॅनडातल्या टोरांटोच्या उत्तरेस सुमारे नव्वद किलोमीटरवर बॅरी हे आमचे गाव. हिवाळ्याच्या सुरुवातीला ह्यूरॉन सरोवर आणि जॉर्जियन बे अजून गोठलेले नसतात. त्यांच्यावरून येणारा थंड वारा वाटेत बाष्प उचलतो आणि आमच्या डोक्यावर बर्फ करून टाकतो. टोरांटोत ऊन पडलेले असते, तेव्हा इथे पुढच्या गाडीचा लाल दिवासुद्धा दिसत नाही. आम्ही नवराबायको शहरातच कामाला, त्यामुळे जुन्या छोट्या गाडीवर भागत होते. पण मुलीला ओरिलियाच्या इस्पितळात नर्सची नोकरी लागली. अकरा नंबरच्या हायवेने चाळीसेक किलोमीटर, पाळी सकाळी सात ते संध्याकाळी सात. म्हणजे डिसेंबरात जाताना अंधार आणि येतानाही अंधार. तेव्हा ठरले की तिच्यासाठी फोर व्हील ड्राइव्ह घ्यायची, सेकंडहँड, आणि सगळे मिळून बारा हजार डॉलरच्या आत.

आकडा एवढा ठाम का, तर गाडी रोखीने घ्यायची होती. व्याजाचे कर्ज नको, हा आमच्या घरातला जुना नियम. सर्वांनी तो पाळावा असे आम्ही म्हणत नाही. मुलीचेच मत वेगळे आहे आणि ती ते बोलून दाखवते. पण रोख पैसे मोजायचे असले की माणूस गाडीकडे जरा निरखून पाहतो, एवढा फायदा खरा.

शुक्रवारच्या नमाजनंतर मशिदीच्या आवारात सल्ल्यांना तोटा नव्हता. कोणी म्हणे सुबारूच घ्या, कोणी म्हणे टोयोटाशिवाय बोलू नका. एक पेशावरी चाचा म्हणाले, जुनी जीप घ्या, डोंगर चढेल. आम्हाला डोंगर चढायचा नव्हता. आम्हाला मुलगी रोज घरी यायला हवी होती.

या चौकशीत एक गोष्ट उमगली. चारी चाकांना ताकद मिळते म्हणजे नेमके काय, हे दहांतल्या आठांना ठाऊक नसते. जुन्या जीपसारख्या गाड्यांत दांडा ओढला की पुढचा आणि मागचा आस एकत्र बांधला जातो. बर्फात ते छान. पण वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापावे लागते, त्यामुळे कोरड्या डांबरावर तसेच चालवले तर सगळ्या यंत्रावर ताण येतो. आमचा हायवे अर्धा मैल कोरडा, अर्धा मैल पांढरा. मुलीने दर वेळी दांडा ओढत बसायचे काय? म्हणून ऑल व्हील ड्राइव्ह बरी. सुबारूत ताकद सदैव चारी चाकांकडे जाते. आरएव्ही-फोर किंवा सीआर-व्हीसारख्यांत ती मुख्यतः पुढच्या चाकांकडे असते आणि गरज पडली की मागे वळते. एक मेख मात्र आहे. या गाड्यांचे चारही टायर सारखेच झिजलेले असावे लागतात. एक फाटला तर कधी चारही बदलण्याची पाळी येते.

आणि खरी गंमत पुढेच आहे. चारी चाके ओढतात ती गाडी निघण्यासाठी. थांबण्यासाठी त्यांचा उपयोग नाही. ब्रेक तर प्रत्येक गाडीला चारी चाकांना असतो. बर्फावर थांबवतो तो टायर. साधारण सात अंश सेल्सिअसच्या खाली नेहमीच्या टायरचे रबर कडक होऊ लागते. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते, आणि त्याच्या बाजूवर डोंगर व हिमकणाची खूण असते. शेजारच्या क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च असे टायर लावणे कायद्याने बंधनकारक आहे. आमच्या ऑन्टॅरिओत सक्ती नाही, पण ते लावले तर २०१६ पासून विमा कंपनीला सूट द्यावी लागते. तेव्हा आम्ही टायरचे अकराशे डॉलर आधीच बाजूला काढले आणि उरलेल्यात गाडी शोधू लागलो. आमचे मामू चिपळूण-कराड मार्गावर एस.टी. चालवीत. पावसाळ्यात कुंभार्ली घाटाआधी ते उतरून टायरवरून हात फिरवीत. त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागले नसते.

पहिली गाडी बाहेरून आरशासारखी होती. आत चामडी सीट, किलोमीटर कमी. पण आम्ही कोकणातली माणसे. खारा वारा लोखंडाचे काय करतो ते हर्णैच्या बंदरावर लहानपणापासून पाहिलेले. खिडकीचे गज हातात सुटून येतात. इथे समुद्र नाही, पण बर्फ वितळावा म्हणून हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात. आमच्यातला एक जण थंड जमिनीवर आडवा झाला. गाडीच्या पोटाखाली सगळीकडे ताजा काळा रंग! विकणारा म्हणाला, "गंजू नये म्हणून मारलाय." आम्ही त्याला मिस्त्रीकडे नेण्याची परवानगी मागितली, तर त्याला अचानक दुसरे गिऱ्हाईक आठवले.

दुसरी गाडी आमच्या लेबनॉनी मिस्त्रीने लिफ्टवर चढवली. स्क्रूड्रायव्हरची मूठ चासीवर ठोकत गेला. टण, टण, आणि मागच्या चाकाजवळ धप्प. ब्रेकचे पाइपही खवले धरलेले. त्याने नुसती मान हलवली. या तपासणीचे दीडशे डॉलर मुलीला जड वाटले, आम्हाला नाही.

तिसरी एका निवृत्त मास्तरणीची टोयोटा, बारा वर्षांची, १ लाख ८५ हजार किलोमीटर धावलेली. रंग विटलेला, दाराला ओरखडा. पण दर ऑक्टोबरात खालून तेलाचा फवारा मारल्याच्या पावत्या तिने बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवलेल्या. ठोकून पाहिले, सगळीकडे टण. तिने सरकारी माहितीपत्रकही समोर ठेवले. ऑन्टॅरिओत खासगी विक्रेत्याला ते द्यावेच लागते. मागचे मालक आणि गाडीवरचा बोजा त्यात कळतो. ९ हजारांत सौदा झाला. वर १३ टक्के कर, म्हणजे ११७० डॉलर. हा कर पुस्तकी किंमत जास्त असेल तर तिच्यावर बसतो, हे नवख्यांनी हिशेबात धरावे.

मुलीला रंग आवडला नाही. "अब्बा, ही तर म्हातारीची गाडी," म्हणाली. तिच्या अम्मीने काही न बोलता डिकीत फावडे, वाळूची पिशवी, घोंगडी आणि खजुराचा डबा ठेवला. नोव्हेंबरच्या मध्यावर हिवाळी टायर चढले. मग एका रविवारी पहाटे, रिकाम्या पार्किंगमध्ये चार बोटे बर्फ साचलेला असताना, आम्ही तिला घेऊन गेलो आणि ताशी तीस किलोमीटरवरून पुन्हा पुन्हा ब्रेक दाबायला लावला. दर वेळी गाडी थांबल्यावर आमच्यातल्या एकीने उतरून पावलांनी अंतर मोजले. मग वेग चाळीस केला आणि पावले किती वाढली ते मुलीनेच मोजले. त्यानंतर गाडीत बराच वेळ कोणी बोलले नाही.