टाकी नंबर दोनचा आकडा

आपल्या होस्टेलच्या गच्चीवर सोलरच्या दोन टाक्या आहेत, एक ए विंगची आणि एक बी विंगची. सकाळी सहाला डोळे चोळत बादली घेऊन जायचं, नळ सोडायचा आणि गार पाण्याने दचकायचं, हा अनुभव कुणाला नाही? बी.ई.च्या प्रोजेक्टसाठी विषय शोधताना मला आणि माझ्या पार्टनरला (वडील शिक्षक, म्हणून होस्टेलवर त्याचं नाव मास्तर) वाटलं, टाकीतलं तापमान खाली पॅसेजमध्येच दिसलं तर? दोन एलएम-३५ सेन्सर, एक आर्डुइनो, एक डिस्प्ले. आठ दिवसांचं काम! लागले तीन महिने.

एलएम-३५ बिचारा सरळ आहे. दर अंशाला १० मिलिव्होल्ट, म्हणजे २८ अंशाला २८० मिलिव्होल्ट. आर्डुइनो उनोमधला एटमेगा-३२८ हा ५ व्होल्टचे १०२४ भाग करतो आणि त्यातले किती भरले तो आकडा देतो. गुणाकार-भागाकार केला की तापमान.

पहिल्याच दिवशी थर्मामीटर २८ आणि आमचा डिस्प्ले ३०.३. रात्रीचा दीड वाजलेला, सकाळी मॅडमना दाखवायचं. मी प्रोग्रॅममध्ये एक ओळ वाढवली, उत्तरातून २.३ वजा. आलं की २८! मास्तर म्हणाला, "हे २.३ कुठून आणलंस?" मी म्हटलं, "कॅलिब्रेशन." हा शब्द आपल्याकडे फार उपयोगी पडतो.

मग सेन्सर गच्चीवर पाइपांना बांधले, वरून थर्माकोल गुंडाळला आणि तारा खाली आणल्या. तीन दिवस दर दोन तासांनी वहीत आकडे लिहिले. दुपारी ए टाकी ५८, बी टाकी ५७. सकाळी ए ४६, बी ४५. काय सुंदर आकडे! रेक्टर सरांनी वही मागून घेतली. बी विंगची पोरं महिनाभर "पाणी गरम येत नाही" म्हणून तक्रार करत होती. सरांनी त्यांना आमची वही दाखवली आणि म्हणाले, "दोन्ही टाक्या सारख्याच आहेत. तुम्ही उठता उशिरा." आम्ही बाजूला कॉलर ताठ करून उभे.

पुढच्या आठवड्यात मॅडम म्हणाल्या, "गरम पाण्यात टेस्ट केलंय का?" केलं नव्हतं. मेसमधून स्टीलच्या ग्लासात कडक चहा आणला, केमिस्ट्री लॅबमधून थर्मामीटर, आणि ए-० पिनला जादाचा एक सेन्सर लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून चहात सोडला. थर्मामीटर ६०, डिस्प्ले ६२ च्या वर. २.३ वजा करूनसुद्धा!

पण मास्तर त्या आकड्याकडे बघतच नव्हता. तो शेजारच्या आकड्याकडे बघत होता. "अरे, बी टाकी बघ. तीपण चढतेय."

बी टाकीचा सेन्सर गच्चीवर. चहा आमच्या टेबलावर. ग्लासातून सेन्सर काढला की थोड्या वेळाने दोन्ही आकडे खाली. परत बुडवला की दोन्ही वर. आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो.

बोर्ड घेऊन लॅबमधल्या काकांकडे गेलो. काकांनी आधी मल्टिमीटर ५ व्होल्टच्या पिनवर टेकवला. ४.६२ व्होल्ट. "पोरांनो, तुम्ही ज्याला पाच म्हणताय ते पाच नाहीच. लॅपटॉपचा यूएसबी, त्यात ही बारीक केबल. पट्टीच आखूड असेल तर कापड जास्त भरणारच." म्हणजे चूक ठरावीक २.३ ची नव्हतीच. २८ ला ती २.३ होती, ६० ला पाचच्या आसपास. माझ्या 'कॅलिब्रेशन'ने ती फक्त खोलीच्या तापमानाला झाकली होती. उपाय साधा निघाला. चिपच्या आत १.१ व्होल्टचा स्वतःचा रेफरन्स असतो, तो वापरायचा. तोही नेमका १.१ नसतो, चिपगणिक १.० ते १.२ पर्यंत काहीही असू शकतो. पण पुरवठा कमी-जास्त झाला म्हणून तो फारसा हलत नाही. एरेफ पिनवर मीटर लावून जो येईल तो आकडा प्रोग्रॅममध्ये घालायचा. वर फायदा असा, की एक भाग अर्ध्या अंशाऐवजी साधारण ०.१ अंशाचा होतो.

मग काकांनी दहा किलोओहमचा एक रेझिस्टर घेतला आणि बी च्या पिनपासून ग्राउंडला धरला. आकडा धाडकन ०. "सेन्सर जोडलेला असता तर एवढ्याशा लोडने हललासुद्धा नसता. तुमची तार इथे लागलेलीच नाही."

बोर्डाजवळच ड्राय सोल्डर होतं. स्लीव्हच्या आत तार सुटलेली, बाहेरून ठणठणीत. चिपमध्ये एडीसी एकच असतो. सगळ्या अॅनालॉग पिना त्याला पाळीपाळीने जोडल्या जातात आणि १४ पिकोफॅरडचा एक चिमुकला कपॅसिटर प्रत्येक वेळी भरून मोजला जातो. पिनला काहीच जोडलेलं नसेल, तर त्यात आधीच्या पिनचा चार्ज तसाच उरतो. बी टाकी तीन दिवस ए टाकीची कॉपी मारत होती. तीही हुशार मुलासारखी, एखादा अंश इकडेतिकडे करून.

रूमवर आल्यावर मीच म्हणालो, "तार जोडू, पुढची रीडिंग बरोबर घेऊ. जुनी कोण बघतंय?" मास्तर बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बी विंगवाले रोज गार पाण्याने अंघोळ करतायत, आणि ते खोटं बोलतात असं आपल्या वहीने सांगितलंय."

खरं सांगायचं तर मला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी मॅडमसमोर वही ठेवली. त्यांनी तिन्ही पानांवर लाल पेनाने काट मारली, मार्क कापले (किती ते सांगत नाही) आणि म्हणाल्या, "आता रेक्टर सरांकडे जा. मी फोन करणार नाही, तुम्हीच सांगा." ते मॅडमपेक्षा कठीण गेलं. सर बराच वेळ बघत राहिले, मग एवढंच म्हणाले, "नवीन आकडे आणा."

नवीन आकडे आणले. दुपारी ए ५८, बी ४४. तिसऱ्या दिवशी प्लंबर आला. बी च्या पॅनेलकडे जाणाऱ्या पाइपावरचा व्हॉल्व्ह जवळजवळ बंद होता.

तो दहा किलोओहमचा रेझिस्टर आम्ही दोन्ही पिनांवर कायमचा सोल्डर करून टाकला आहे. तार सुटली की डिस्प्ले ० दाखवतो. गेल्या आठवड्यात बी ची तार माकडांनी ओढली, तेव्हा एक ज्युनिअर पहाटे साडेपाचला आमचं दार ठोठावत ओरडत होता, "दादा, टाकीत बर्फ झालाय!"