अब्रा

राहात्याच्या पेरूबागांत आणि कालव्याच्या काठी ज्याचे बालपण सरले, त्या माझ्यासारख्या देशावरच्या माणसाने बर दुबईच्या धक्क्यावरून खाडीपलीकडच्या देऱ्याकडे निघालेल्या अब्रा नामक लाकडी नावेत, एक दिरहम नावाड्याच्या हाती ठेवून बसावे आणि तत्क्षणी त्याला कोकणातल्या चौल बंदराचे स्मरण व्हावे, हा योग मला विलक्षण वाटला. अब्रा हा शब्दच मुळी ‘ओलांडणे’ या अर्थाच्या अरबी धातूतून आलेला. दहाव्या शतकाच्या आरंभी अरब प्रवासी अल्-मसूदी चौलास, त्याच्या लेखी ‘सैमूर’ला, येऊन गेला; आमच्या कोळ्यांचा ‘नाखवा’ तर फारसी ‘नाखुदा’चाच वंशज! आपल्या किनाऱ्याची अरबी-फारसी मुलुखाशी असलेली ही सोयरीक खाडीच्या वाऱ्यातच उमगते. दुबईस जाणाऱ्या आप्तांनी मोटार सोडून एकदा तरी या नावेत बसावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.