एक रुपयाचा तिलिस्म

रात्री दीड वाजता पाणी प्यायला उठले, तर भाच्याच्या खोलीच्या दाराखालून उजेड दिसला. नीटची तयारी करणारं पोर रात्री जागतं, यात लातुरात नवल काही नाही. आमच्या गल्लीत मध्यरात्रीही निम्म्या खिडक्यांत दिवे असतात. पण हा उजेड हलत होता, मिनिटाला रंग बदलत होता. दार ढकललं. जीवशास्त्राचं पुस्तक छातीवर पालथं, कानात इअरफोन आणि हातात मोबाईल.

"फुफी, बस दो मिनिट. यात सेव्ह होत नाही. मेलो तर परत पहिल्यापासून."

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. वीस वर्षांत पोरांचे किती मोबाईल जप्त केले असतील, त्याची मोजदाद नाही. हात आपोआप पुढे गेला. पण स्क्रीनवर नजर पडली आणि तिथेच अडकली. आजकालच्या खेळांसारखं चकचकीत काही नव्हतं. मोठमोठ्या चौकोनी ठिपक्यांची चित्रं, दगडी भिंती, अंधारे बोळ, एक ठेंगणा जादूगार आणि त्याच्या मागे लागलेली भुतं. कोपऱ्यात एक आकडा सेकंदासेकंदाला कमी होत होता.

"हा आकडा कसला?"

"जान आहे. नुसता उभा राहिलो तरी कमी होते."

मी पलंगाच्या कडेला बसले. दोन मिनिटांची वीस मिनिटं झाली.

दुसऱ्या दिवशी जेवताना त्याने मला या खेळाचं खानदान सांगितलं. मग मीही थोडं वाचलं. खेळ आजचा आहे, पण मुद्दाम जुन्या वळणाने बनवलेला. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा कागद, फासे आणि गप्पा यांवर चालणारा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ आला. १९८० च्या सुमारास विद्यापीठांतल्या संगणकांवर 'रोग' आला. त्यात चित्रंसुद्धा नव्हती. भिंती, राक्षस, सगळं कीबोर्डवरच्या अक्षरांनी दाखवलेलं. दर वेळी भुयाराचा नकाशा नवा, आणि मेलात की संपलं. १९८५ मध्ये अटारी गेम्सने 'गॉन्टलेट' काढला. हे पार्लरमधलं मोठं यंत्र, चार जण एकदम खेळणारे: योद्धा, वाल्किरी म्हणजे लढवय्यी बाई, जादूगार आणि एल्फ. तो बनवणाऱ्याचं नाव एड लॉग. जान आपोआप झिजण्याची युक्ती या खेळातली. जान वाढवायची तर भुयारात अन्न शोधा, नाहीतर यंत्रात आणखी नाणं टाका. आणि घाईत गोळी लागली तर काही अन्न आपल्याच हाताने नष्ट होतं.

"म्हणजे घड्याळ दुकानदाराच्या बाजूने चालतं," मी म्हणाले.

"कोचिंगसारखं," भाचा म्हणाला आणि ताटात बघू लागला.

भाषेच्या शिक्षकाला शब्द गप्प बसू देत नाहीत. 'डंजन'ला मराठीत काय म्हणावं? तळघर, भुयार, अंधारकोठडी. उर्दूत तहखाना. हा इंग्रजी शब्द जुन्या फ्रेंचमधून आला. तिथे त्याचा अर्थ होता किल्ल्याचा मुख्य बुरूज. तो बुरजावरून खाली सरकत सरकत तळघरातल्या कैदखान्यापर्यंत पोचला. कंधारचा, औशाचा, उदगीरचा किल्ला शाळेच्या सहलीत पाहिलेल्यांना हे वेगळं समजावायला नको. पोरं बुरुजावर कमी आणि अंधाऱ्या जिन्यात जास्त रमतात.

पण माझ्या मते या खेळाला सगळ्यात चपखल शब्द आहे तिलिस्म. अमीर हमजाच्या दास्तानीत जादूगर तिलिस्म बांधतात. बाग दिसते पण बाग नसते, दार उघडतं पण बाहेर नेत नाही. लखनौच्या मुन्शी नवल किशोर यांच्या छापखान्यातून १८८३ पासून 'तिलिस्म-ए-होशरुबा'च्या जिल्दी निघू लागल्या. पहिल्या चार मुहम्मद हुसेन जाह यांच्या, पुढच्या अहमद हुसेन कमर यांच्या. हजारो पानं. आमच्या नानीने त्यातलं एकही पान वाचलेलं नव्हतं, पण अमर अय्यारची झंबील तिला पाठ होती. झंबील म्हणजे त्याची झोळी. तिच्यात अख्खं शहर मावतं, तरी ती भरत नाही. भाच्याच्या खेळात किल्ल्या, औषधं, तलवारी ठेवायची पिशवी दिसली तेव्हा मी म्हणाले, "ही तर अमरची झंबील." त्याने खेळ थांबवून पूर्ण गोष्ट ऐकली. उर्दू माझी, वर्गातली पोरंही माझी, पण इतक्या लक्षपूर्वक कुणी ऐकल्याचं अलीकडे आठवत नाही.

त्याला सगळ्यात आवडली ती लौह. तिलिस्म तोडायला निघालेल्याला एक पाटी मिळवावी लागते. पुढचं पाऊल कसं टाकायचं ते तिच्यावर उमटतं. पाटी न बघता घाईने हात घातला, की बहाद्दरही अडकतो.

"आमच्याकडे लौह नाही का, फुफी?" त्याने विचारलं. खेळातलं विचारतोय की अभ्यासातलं, मला कळलं नाही. मी भाजी वाढली.

आता मूळ गोष्ट. ती लातूरची नाही, नांदेडची आहे.

साल १९९६. देगलूर नाक्याकडे आमचं घर. अब्बा इतवाऱ्यात कापडाच्या दुकानात नोकरीला. मी चौदाची, भाऊ बाराचा. असरच्या नमाजनंतर आम्ही दोघं शिकवणीला जायचो. वाटेत एक व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. पत्र्याचं शेड, दाराला मळकट पडदा, आत तीन-चार यंत्रं, धूर आणि आरडाओरडा. एक रुपयाला एक डाव. दूध आणताना उरलेली सुटी नाणी भावाच्या खिशात जमायची आणि तिथे रिकामी व्हायची. मुलींनी आत जाण्याचा प्रश्नच नव्हता. मी शेजारच्या वह्या-पेनांच्या दुकानाच्या पायरीवर दप्तर घेऊन बसायची. माझं काम पहारा. "आपा, अब्बा आ रहे क्या देखती रह."

त्या वेळी सगळ्या पोरांचा जीव एकाच खेळात होता. खेळाचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९९३ मध्ये काढला होता, मार्क शुल्ट्झ यांच्या 'झेनोझोइक टेल्स' या कॉमिक्सवरून. पण हे नाव नांदेडात कुणी घेतलं नाही. नांदेडातच काय, भारतभरच्या पार्लरांत त्याला 'मुस्तफा' म्हणत. चार पात्रं होती: जॅक, हन्ना, मेस आणि मुस्तफा कैरो. टोपीवाला मुस्तफा सगळ्यांत चपळ. पळत येऊन उडी मारून जी लाथ हाणायचा, तिला तोड नव्हती.

सिनेमात मुस्तफा नावाचा माणूस आला की तो बहुधा स्मगलर असायचा, नाहीतर हिरोसाठी जीव देणारा मित्र. इथे तो हिरो होता. त्याच्यासाठी भांडणं व्हायची. गुरुद्वाऱ्याकडची सरदार पोरं, इतवाऱ्यातली व्यापाऱ्यांची पोरं, आमच्या मोहल्ल्यातली पोरं, सगळी एका यंत्राला चिकटलेली. एखादा बालाजी दुसऱ्याची कॉलर धरून ओरडायचा, "मुस्तफा मी! काल तू होतास!" मी पायरीवर बसून हे ऐकायची. डिसेंबर ९२ नंतर अम्मी आम्हाला दुसऱ्या गल्लीत पाठवताना बिचकायची. त्या पडद्यामागे मात्र बालाजीला मुस्तफा व्हायचं होतं आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. एकता वगैरे मोठा शब्द मी त्याला लावणार नाही. त्याची लाथ चांगली होती, एवढंच.

एकदा मी भावाला विचारलं, "त्यात मुलगी आहे म्हणतोस, ती कोण घेतं?"

"हन्ना? कोई नहीं लेता."

"एकदा घे ना. मला बघायचंय."

त्याने तोंड वाकडं केलं. पण दोन दिवसांनी पडदा बाजूला करून त्याने हाक मारली, "आपा, जल्दी आ! हन्ना ली!" मी उठले. आत नाही गेले, उंबऱ्यावरच थांबले. काळे केस, हातात चाकू, समोर दांडगट गुंड, आणि ती एकेकाला लोळवत पुढे चाललेली. माझा भाऊ घामाघूम होऊन बटणं दाबत होता. एरवी मुस्तफा घेऊन रुबाब करणारा तो, पोरांची चेष्टा ऐकत माझ्यासाठी हन्ना खेळत होता. किती वेळ पाहिलं, सांगता येणार नाही. एक रुपयाचा डाव तो केवढा असणार!

रस्त्याकडे माझी पाठ होती. अब्बा माझ्या शेजारी येऊन उभे राहिले, तेव्हा मला कळलं.

मला काही झालं नाही. मी भावाला बोलवायला उभी असेन, असं अब्बांनी गृहीत धरलं, आणि मी ते मोडलं नाही. भावाला पट्ट्याने मार बसला. त्याने एका शब्दाने सांगितलं नाही की आपा पहाऱ्यावर होती, आपानेच हन्ना मागितली होती. सुट्टी लागताच अब्बांनी त्याला ओळखीच्या गॅरेजात बसवलं, "रिकामं राहिलं की पोर बिघडतं" म्हणून. शाळा सुटली नाही, पण तिच्यातलं मन सुटलं. दहावीला दोन विषय राहिले, ते राहिलेच. मी डी.एड. केलं, नोकरी धरली, मग बी.एड. केलं. आज त्याचं स्वतःचं गॅरेज आहे, चार पोरं हाताखाली आहेत, आणि मुलाच्या कोचिंगची फी तो माझ्या पगाराला लाजवेल अशा सहजतेने भरतो. त्याचं वाईट झालं असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवशी मी रस्त्याकडे बघत असते तर काय झालं असतं, हा हिशोब माझा कधी मिटला नाही.

म्हणून त्या रात्री मोबाईल जप्त करायला पुढे केलेला हात मी मागे घेतला. पण गप्प बसणंही जमेना. पोर माझ्या भरवशावर लातुरात ठेवलेलं. पुन्हा पहाऱ्यावर मीच, आणि पुन्हा नजर स्क्रीनकडे!

शुक्रवारी भावाला फोन केला. सगळं सांगितलं. रात्री दीडपर्यंत खेळतो, सराव परीक्षेत गुण घसरलेत, मीसुद्धा सोबत बसून बघते. आणि मग १९९६ चंही सांगितलं. मार तुला बसला, चूक माझी होती, तेव्हाच बोलायला हवं होतं.

पलीकडे पान्हे वाजत होते. बराच वेळ तो काही बोलला नाही.

"आपा, उस दिन दुसरे बॉस तक गया था मैं. हन्ना से. कोई नहीं गया था."

मग हसला. नंतर गंभीर होऊन म्हणाला, "उस को मारना मत. लेकिन सोने को लगा." फोन ठेवण्याआधी खेळाचं नाव विचारून घेतलं.

आता आमच्या घरी नियम असा: ईशानंतर अर्धा तास खेळ, अकराला मोबाईल स्वयंपाकघरात, फ्रिजवर. पहिल्या आठवड्यात दोनदा मोडला. भाच्याला मी त्याच्या वडिलांची आणि हन्नाची गोष्ट सांगितली. तो काही बोलला नाही. पण रविवारी डाव मांडून मोबाईल माझ्या हातात दिला. "फुफी, तुमची बारी."

मी लढवय्यी बाई निवडली. तिसऱ्या मजल्यावर घाईत स्वतःच्याच गोळीने समोरचं अन्न उडवलं आणि मेले. भाचा पोट धरून हसला. मग पुस्तक उघडून बसला, आणि मी दाराकडे तोंड करून वह्या तपासायला घेतल्या.