शास्त्र आणि सुरी

सुश्रुताने सांगितलेली शरीर शिकण्याची रीत विलक्षणच : शव गवताने वेढून पिंजऱ्यात घालावे, सात रात्री पाण्यात ठेवावे आणि मग वाळ्याच्या कुंचल्याने हळुवार घासत एकेक थर डोळ्यांनी पाहावा. शतकानुशतके ही रीत मुखोद्गत राहिली. कुंचला तेवढा हातून सुटला. कलकत्त्याच्या संस्कृत कॉलेजात मधुसूदन गुप्त आयुर्वेदाचे हेच ग्रंथ शिकवीत. १८३६ साली मेडिकल कॉलेजात त्यांनी, जात जाण्याचे भय पत्करून, शवाला सुरी लावली. तेव्हा फोर्ट विल्यमवरून तोफा डागल्या म्हणतात. ती आख्यायिकाच असावी. इंग्रज अध्यापकांच्या नुसत्या व्याख्यानांना जे साधले नसते, ते या वैद्यपंडिताच्या हाताने साधले : विद्यार्थ्यांचेही हात पुढे आले. १८३७ मध्ये तेथे ६० शवांचे विच्छेदन झाले, पुढल्या वर्षी १२० शवांचे.