घरचा सायकलवाला

दुबईत सायकल पाहायची तर देऱ्याच्या गल्ल्यांत पाहावी. कॅरिअरला पाण्याच्या बाटल्या बांधलेल्या, हँडलला किराण्याच्या पिशव्या लोंबत असलेल्या, उलट्या दिशेने बिनधास्त घुसणाऱ्या. नाहीतर शनिवारी पहाटे अल कुद्राला जावं. तिथे लाखांच्या कार्बन सायकली गाड्यांच्या टपावरून उतरत असतात, वाळवंटातून गेलेल्या त्या ट्रॅकवर मध्येच एखादं ओरिक्स हरीण आडवं येतं, आणि परतताना प्रत्येकाच्या जर्सीवर घामाच्या मिठाच्या पांढऱ्या रेषा उमटलेल्या असतात. या दोन्ही ठिकाणी भेटणारी माणसं बहुतेक बाहेरून आलेली, आपल्यासारखीच. अमिराती माणूस मात्र सायकलवर क्वचित दिसायचा.

म्हणून मला युसुफ मिर्झा या अमिराती सायकलपटूचं अप्रूप. 1988 चा जन्म. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तो रोड रेसच्या रेषेवर उभा राहिला. सुमारे 237 किलोमीटरचा तो रस्ता चढउतारांनी असा मोडून काढत होता, की निघालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जण शेवटापर्यंत पोचलेच नाहीत. पुढच्याच वर्षी एका जुन्या इटालियन संघाला अमिरातीचा पैसा मिळाला. चीनमधून येणारा पैसा ऐनवेळी आला नव्हता, म्हणून ही सोय. जर्सीवर यूएई आलं. त्या जर्सीतला अमिराती मात्र एकटा मिर्झा.

त्याच्या नावावर टूर द फ्रान्स नाही. मोठ्या संघात अशा सायकलपटूचं काम पंगतीतल्या वाढप्याचं. मागच्या गाडीपाशी जाऊन पाठीवरच्या खिशांत, जर्सीच्या आत पाण्याच्या बाटल्या कोंबायच्या, पुन्हा दम लावून घोळका गाठायचा, त्या वाटायच्या, आणि वारा छातीवर घेत कॅप्टनच्या पुढे राहायचं. अमिरातीत घाट थोडे, पण वारा वाईट. तो बाजूने सुटला की घोळका रस्त्यावर तिरका पसरतो, आणि एकदा पुढच्या सायकलीच्या चाकापासून अंतर पडलं की माणूस संपला. टीव्हीवर हे कंटाळवाणं वाटतं. वाटू दे.

मिर्झा ट्रॅकवरही उतरायचा. तिथला मामला वेगळाच. सायकलला गिअर एकच, ब्रेक नाही, चाक फिरतंय तोवर पाय थांबवायची सोय नाही. पॉइंट्स रेस असेल तर दर दहा फेऱ्यांनी गुणांसाठी झटापट. पाय पेटलेले असताना डोक्यात बेरीज चालू ठेवायची. रस्त्यावर निदान उतारावर श्वास मिळतो.

फेब्रुवारी 2018 मध्ये म्यानमारला झालेल्या आशियाई स्पर्धेत त्याने रोड रेस जिंकली. वाढप्याला त्या दिवशी पाट मिळाला. माझ्या मते अमिरातीच्या सायकलिंगमधली ती खरी कमाई. पोगाचार थोर आहेच. 2020 मध्ये त्याने याच संघाच्या जर्सीत टूर द फ्रान्स जिंकली, पुढेही जिंकत राहिला. पण तो स्लोव्हेनियाचा. असा माणूस करार करून आणता येतो. मिर्झासारखा घरीच वाढावा लागतो, आणि त्याला वेळ लागतो. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट आधी चढून जाणाऱ्याला आपण ‘घाटाचा राजा’ म्हणतो. तसा राजा काही एका हंगामात घडत नाही, हे कोणीही जुना सायकलवाला सांगेल.

यूएई टूर ही शर्यत दर फेब्रुवारीत असते. तिकीट लागत नाही. अल ऐनच्या जबल हफीतवर जाणार असाल, तर सुमारे अकरा किलोमीटरचा तो चढ गाड्यांना बंद व्हायच्या आत वर पोचा. पाणी, टोपी सोबत ठेवा. आणि पहिला गेला म्हणून लगेच खाली निघू नका. बाटल्या वाहणारे अजून यायचे असतात.