शेजारचे छिद्र

आमचे बाबा विमानाचे मेकॅनिक होते. वसईहून लोकलने सांताक्रूझला जायचे, तेथून हँगरमध्ये. आणि नोकरीची 29 वर्षे त्यांनी बहुतेक चाकांखालीच काढली. आपले वडील विमान उडवतात, अशी समजूत आम्ही शाळेत पसरवून दिली होती. ती त्यांच्या कानी गेली तेव्हा ते म्हणाले, "उडवणारे वेगळे. आम्ही ते नीट उभं ठेवतो."

उभे ठेवणे हेही काम असते, हे उमगण्यास आम्हांस बराच काळ लागला. विमानाची चाके दुमडतात ती हायड्रॉलिक दाबाने. विमान जमिनीवर असताना ती मिटू नयेत म्हणून चाकाच्या दांड्याच्या सांध्यात पोलादी पिन घालतात. तिला लांब लाल फीत असते आणि 'उड्डाणापूर्वी काढा' अशी सूचना तिच्यावर छापलेली असते. ती काढावयाची राहून गेली, तर विमान वर गेल्यावर चाके मिटत नाहीत आणि वैमानिकाला मुकाट्याने परतावे लागते. त्या चुकीची बाबांना लाज वाटे, भीती वाटत नसे. भीती होती ती वेगळ्याच गोष्टीची. पिन आहे असे सर्वांना वाटावे, आणि ती असू नये.

म्हणून ते पिन बसवून खाली उतरत, हात पुसत आणि पुन्हा शिडी चढून ती हाताने हलवून पाहत. सोबतचे कामगार त्यांना 'थॉमस' म्हणून हाक मारीत. त्यांचे नाव थॉमस नव्हते, हे सांगावयास नकोच.

हे सारे आठवण्याचे कारण लंडनच्या हीथ्रो विमानतळावरचा एक प्रसंग. तो घडला 18 जून 2021 रोजी, बाबांच्या निधनानंतर कितीतरी वर्षांनी. विमान देखभालीत काम करणाऱ्या आमच्या एका धर्मग्रामस्थाने त्याचा अधिकृत अहवाल आम्हांस वाचावयास दिला. ब्रिटिश एअरवेजचे बोइंग 787 फ्रँकफर्टला जाण्यासाठी उभे होते. त्यात माल भरला जात होता, प्रवासी नव्हते. पुढच्या चाकाच्या दरवाजाच्या एका झडपेत बिघाड दिसत होता. असा किरकोळ बिघाड नंतर दुरुस्त करता येतो, मात्र त्याआधी ठरलेली तपासणी करावी लागते. या तपासणीत हायड्रॉलिक दाब चालू ठेवून चाकांची तरफ 'वर' करावयाची असते. साहजिकच आधी साऱ्या चाकांना पिना लावणे आले.

पुढच्या चाकाची जागा ज्याला ठाऊक होती, त्याचा हात तेथवर पोहोचत नव्हता. त्याने खालून बोट दाखवले. शिडीवर उभ्या असलेल्या सहकाऱ्याने पिन घातली. पण योग्य छिद्राच्या अगदी शेजारी बिजागरीच्या पोकळ खिळ्याचे दुसरे छिद्र आहे. पिन त्यातही आरामात बसते, लाल फीतही तशीच लोंबते. खालून पाहणाऱ्याला काहीच वावगे दिसत नाही. तरफ वर झाली आणि मागची चाके जागच्या जागी राहिली; पुढचे चाक मात्र मिटले व विमानाचे नाक फरशीवर आदळले. सुदैवाने कुणाचा प्राण गेला नाही.

आम्हांस सर्वांत अधिक लागले ते पुढेच आहे. हीच चूक पूर्वीही झालेली होती. म्हणून ते फसवे छिद्र बुजवून टाका, असा आदेशही निघाला होता. त्याला मुदत होती 36 महिन्यांची. ती संपलेली नव्हती आणि या विमानाची पाळी अद्याप यावयाची होती. म्हणजे कुणी आदेश मोडला असेही नाही.

बोट दाखवणाऱ्या त्या माणसाचा विचार आमच्या मनातून जाईना, कारण शिडीवरचा माणूस एकदा आम्हीही झालो होतो.

1999 साली, गुरुदीक्षा होऊन दोन वर्षे झाली असताना, आम्ही एका धर्मग्रामात सहायक होतो. लग्नाचा हंगाम होता, एका दिवशी तीन विवाह. रजिस्टर भरणाऱ्या कारकुनाने ओळीवर बोट ठेवले, "फादर, इथं सही." आम्ही सही केली. वधूच्या जागी साक्षीदार मुलीचे नाव पडले होते, शेजारच्या रकान्यातले. दोन वर्षांनी तो नवरा आखाती देशातून सुटीवर आला, पत्नीला सोबत नेण्यासाठी दाखला मागू लागला, तेव्हा ते उघडकीस आले. दुरुस्तीसाठी धर्मप्रांताच्या कचेरीची परवानगी, जबाब, पुन्हा दाखला. त्याची सुटी संपली व तो एकटाच गेला. ती त्यावेळी गरोदर होती. मूल झाले तेव्हा बाप समुद्रापलीकडे होता. आठ महिन्यांनी ती गेली. निघताना आमचा निरोप घेण्यासही आली आणि त्याबद्दल एक शब्द बोलली नाही. ती बोलली असती तर बरे झाले असते.

आम्ही घरी गेलो असताना हे बाबांना सांगितले. कारकुनाने कशी चूक केली ते जरा सविस्तर सांगितले. ते ओटीवर बसून जाळ्याची गाठ सोडवीत होते. मान वर न करता त्यांनी विचारले, "तू वाचलं होतंस का?"

तेव्हापासून सही करण्याआधी आम्ही प्रत्येक नोंद वधूवरांना व साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवतो. नाव, आईचे नाव, तारीख, धर्मग्राम. यास वेळ लागतो आणि लोक चुळबुळ करतात. गेल्या मे महिन्यात एका वरपित्याने आम्हांस आठवण करून दिली की, फादर, हॉलवर बँडवाले खोळंबले आहेत. आम्ही मान डोलावली आणि आईच्या नावापासून पुन्हा वाचावयास लागलो.