तेकाँगची बोट

लेकाला एनएसचं पत्र आलं, तेव्हा घरात चार दिवस कुणी धड बोललं नाही. आम्ही सिंगापूरचे पीआर. इथे वाढलेल्या मुलाला दोन वर्षं सैन्यसेवा सक्तीची. "आधीच ऑस्ट्रेलियाला पाठवायला हवं होतं," ओळखीचे म्हणाले.

२००५ साली लंडनवासी पियानोवादक मेल्विन टॅन यांना सेवा चुकवल्याबद्दल ५००० डॉलर दंड करून सोडलं, तेव्हा इथले आईबाप खवळले होते. पुढे कायद्यातला कमाल दंड दुप्पट झाला. शेजारच्या आंटी आजही विचारतात, "आमच्या मुलांची वर्षं काय फुकटची?"

शेवटी लेकच म्हणाला, "आई, वर्गातले सगळे जाणार."

तेकाँग बेटावर त्याला सोडून परतताना बोटीत मी रडले. पण लिफ्टमध्ये आंटी भेटल्या, तेव्हा नजर चोरावी लागली नाही.